डावं की उजवं?

मी इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्री या गावात राहतो. मूळचा पुण्याचा. बँकेत कॉम्प्युटरचं काम करतो, त्यामुळे हाताला तेल-ग्रीस लागायचं खरं तर काही कारण नाही. पण माझ्याकडे एक जुनी लाल स्पोर्ट्स कार आहे. तिच्यापायी २०१४ सालच्या उन्हाळ्यात आमच्या घरात जे काही झालं, ते तुम्हाला सांगतो. त्यात माझी फजिती बरीच आहे. पण ती झाकून ठेवली तर गोष्टीत काही उरणारच नाही.

आधी गाडीबद्दल. तिचं नाव माझदा एमएक्स-५. जपानी कंपनीची ही गाडी १९८९ साली अमेरिकेत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांनी पाहिली. छोटीशी, बुटकी, टप मागे दुमडता येणारी. सीटा फक्त दोन. तिसरा माणूस आला की त्याने बसने यायचं! इंजिन पुढे, पण इंजिनाची ताकद जाते मागच्या चाकांना. अशा दहा लाख गाड्या २०१६ सालापर्यंत बनल्या. माझी त्यातली १९९९ सालची, म्हणजे माझ्या लेकीपेक्षा दोन वर्षांनी मोठी.

तर त्या वर्षी मार्चमध्ये गाडी गुणगुणायला लागली.

ताशी चाळीस मैल, म्हणजे साधारण चौसष्ट किलोमीटर वेग झाला की मागून कुठून तरी ‘हूं…’ असा आवाज यायचा. लांबवर पिठाची गिरणी चालू असावी ना, अगदी तसा. वेग वाढला की गिरणी जोरात, वेग कमी केला की हळू. मी एक गोष्ट मात्र शहाण्यासारखी केली. मोकळ्या रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पाहिली. इंजिनाचा आवाज खाली आला, पण गिरणी चालूच. म्हणजे दोष इंजिनात नाही, चाकांबरोबर फिरणाऱ्या कशात तरी आहे.

इथवर ठीक होतं. इथून पुढे माझी गाडी घसरली.

मी ठरवलं, टायरचाच आवाज असणार. मागचे टायर थोडे झिजलेलेही होते. दोन नवे घातले, भरपूर पैसे मोजले. गिरणी जशीच्या तशी. आता लक्षात येतं, टायरचा आवाज असता तर रस्ता बदलला की तोही बदलला असता. गुळगुळीत डांबरावर एक, खडबडीत रस्त्यावर दुसरा. माझी गिरणी सगळीकडे एकाच सुरात चालली होती. ते मी ऐकलं होतं, पण ध्यानात घेतलं नव्हतं.

मग मी गाडी जॅकवर उचलून मागचं एकेक चाक वर आणि खाली धरून हलवून पाहिलं. चाक बेअरिंगमध्ये सैल झालं असेल तर ‘टक टक’ असं हाताला लागतं. तसं काही लागलं नाही. म्हणून मी जाहीर केलं, “बेअरिंगं ठणठणीत आहेत.” ही चूक नंबर दोन. बेअरिंग आधी गुणगुणतं, सैल होतं ते पुष्कळ उशिरा.

बेअरिंग म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर सायकलच्या दुकानात जाऊन मागचं चाक खोलताना बघा. कोन, कटोरी आणि त्यांच्यामध्ये ग्रीसमध्ये बसलेले चकचकीत छर्रे. मागच्या चाकाला बहुतेक सायकलींत दोन्ही बाजूंना नऊ-नऊ असतात. आस आणि चाक एकमेकांवर घासू नयेत, त्यांच्यामधून छर्ऱ्यांनी गरगरत जावं, एवढीच युक्ती. आपल्याकडे बैलगाडीच्या आसाला वंगण घालतात ते घर्षण कमी व्हावं म्हणूनच. पण घासणं थांबवून त्याच्या जागी घरंगळणं आणायचं, ही कल्पना त्याच्या पुढची. वेल्समधल्या कार्मार्थेन गावच्या फिलिप व्हॉन याने १७९४ साली घोडागाडीच्या आसासाठी छर्ऱ्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. पुढे जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावी फ्रीड्रिख फिशर याने १८८३ मध्ये छर्रे घासून एकसारखे गोल करणारं यंत्र बनवलं, आणि मग सगळ्या जगाची चाकं सुरळीत फिरायला लागली. आमचं कॉव्हेन्ट्रीही चाकांचंच गाव बरं का! आजच्या सायकलीची आजी शोभेल अशी ‘रोव्हर’ सायकल जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ साली इथेच बनवली.

जूनमध्ये पुण्याहून अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे वडील. माझी लेक त्यांना आबा म्हणते. तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते आणि लेक तेरा वर्षांची. अण्णांनी पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात तीस वर्षं काढली. काम कसलं? छर्रे करायचं! जाड तारेचे तुकडे पाडून ते दोन अर्धगोल साच्यांमध्ये ठोकायचे. यंत्र मिनिटाला शेकडो ठोके मारतं. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज, दिवसाचे आठ तास, तीस वर्षं. त्यापायी त्यांचे कान गेले. अगदी ठार बहिरे नाहीत, पण बारीक आवाज त्यांना ऐकू येत नाहीत. कानाचं यंत्र आहे. ते सदऱ्याच्या खिशात डबीत असतं. “त्यात नुसती भांडी वाजतात,” असं ते म्हणतात.

गिरणी अजून चालूच होती. एके दिवशी लेकीला पोहण्याच्या क्लासला सोडताना ती म्हणाली, “बाबा, तू डावीकडे वळलास ना, की आवाज वाढतो.”

मी पुढच्या वळणावर कान देऊन ऐकलं. खरंच की! आणि आवाज येतही होता डाव्या बाजूने, निदान मला तसं वाटलं. झालं. डावं मागचं बेअरिंग गेलं, मी निकाल देऊन मोकळा. रात्री जेवताना तो सगळ्यांना सांगितला आणि एक नवं बेअरिंग मागवलं.

अण्णा वरणभात कालवत होते. त्यांनी विचारलं, “काय झालंय गाडीला?” लेकीने त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “मला एकदा बसव बरं गाडीत. बघतो.”

आणि मी म्हणालो, “अण्णा, तुम्हाला नाही ऐकू येणार ते. राहू द्या तुम्ही.”

ते नेमकं त्यांना ऐकू आलं. काही बोलले नाहीत. हात धुतले, पुण्याहून येताना आणलेला, चारदा वाचून झालेला दिवाळी अंक घेतला आणि खोलीत गेले. लेक माझ्याकडे बघत राहिली. मी भाजी वाढून घेतली.

पुढच्या शनिवारी मी डाव्या चाकाला भिडलो. हे काम सोपं नाही, सांगतो. चाकाच्या मधोमध एक मोठा नट असतो, एकोणतीस नंबरचा. तो आपोआप सुटू नये म्हणून त्याची कड ॲक्सलच्या खाचेत ठोकून बसवलेली असते. ती आधी छिन्नीने उचलायची. मग लांब दांड्याला आणखी लांब पाइप घालून त्यावर जवळजवळ लोंबकळायचं. ब्रेक सोडवायचा आणि तो तारेने वर बांधून ठेवायचा, त्याच्या रबरी नळीवर भार येऊ द्यायचा नाही. मग बेअरिंग ज्यात बसलेलं असतं तो जाड लोखंडी तुकडा, म्हणजे हाउसिंग, गाडीपासून वेगळं करायचं. ते धरून ठेवणारा एक लांबलचक बोल्ट खाली असतो. इंग्लंडात थंडीत बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. त्या मिठाने पंधरा वर्षांत तो बोल्ट आतल्या आत गंजून बसला होता. रोज रात्री तेल सोडायचं, रोज संध्याकाळी ठोकायचं. चौथ्या दिवशी तो सुटला तेव्हा मी आनंदाने ओरडलो, तर शेजारीण खिडकीत आली.

बेअरिंग हाउसिंगमध्ये इतकं घट्ट बसलेलं असतं की ते हाताने निघत नाही आणि बसतही नाही. हायड्रॉलिक प्रेस लागते. आमच्या गल्लीच्या टोकाला एक छोटं गॅरेज आहे. त्या मालकाने कौतुकाने मला प्रेस वापरू दिली आणि तो चहा प्यायला गेला. मी जुनं काढलं, नवं दाबलं, सगळं जोडलं. बोटं सोलली होती, पण छाती फुगली होती.

दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन मोटरवेने ऑक्सफर्डला निघालो. टप उघडं, ऊन छान पडलेलं. पन्नास मैलांचा वेग झाला.

“हूं…”

शिवाय आता त्याच्या जोडीला आणखी एक बारीक घरघर. एका गिरणीच्या दोन झाल्या होत्या! लेक म्हणाली, “बाबा, परत जायचं का?” मी म्हणालो, “अगं, बसेल सगळं जागेवर, नवीन आहे ना.” आणि आम्ही तसेच ऑक्सफर्डला जाऊन आलो. ताशी सत्तर मैलांनी.

या प्रवासाबद्दल मला आजही बरं वाटत नाही. बेअरिंग अगदी शेवटाला आलं तर तापतं, आतले छर्रे फुटतात, चाक डुगडुगायला लागतं. भरधाव गाडीचं मागचं चाक अडकलं किंवा निखळलं तर काय होईल, याची कल्पना तुम्हीच करा. हे सगळं मला माहीत नव्हतं असंही नाही. पण ‘मी दुरुस्त केलेली गाडी बिघडलेली आहे’ हे म्हणायला जीभ उचलत नव्हती.

संध्याकाळी मी अंगणात गाडीकडे बघत उभा होतो. लेक आतून अण्णांचा हात धरून त्यांना घेऊन आली. हे तिनेच ठरवलेलं, मी काही बोललो नव्हतो. अण्णांनी एक खुर्ची मागितली.

“मागची दोन्ही चाकं वर घे,” ते म्हणाले. “पुढच्या चाकांना लाकडं लाव. घोड्यांवर ठेव, नुसत्या जॅकच्या भरवशावर नको. न्यूट्रल कर. हँडब्रेक सोड.”

मी सगळं केलं. अण्णा उजव्या चाकाजवळ खुर्चीवर बसले. चाकाच्या आतल्या बाजूला हात घालून त्यांनी तिथल्या जाड स्प्रिंगवर चार बोटं टेकवली आणि लेकीला म्हणाले, “फिरव.” तिने चाक फिरवलं. गंमत म्हणजे पलीकडचं चाक आपोआप उलटं फिरायला लागलं. मध्ये डिफरन्शियल असतो ना, त्याची ती करामत. अण्णांनी मला ते चाक धरून ठेवायला सांगितलं. मग डोळे मिटले.

“आणखी जोरात.”

लेकीने दोन्ही हातांनी चाक भिरकावलं. मला तर काहीच ऐकू येत नव्हतं, चाक आपलं छान फिरत होतं.

“हे गेलंय,” अण्णा म्हणाले. “वाळू दळल्यासारखं लागतंय. ये, हात लाव.”

मी बोटं टेकवली. स्प्रिंगमधून बारीक, खरखरीत थरथर येत होती. चाकातला दोष स्प्रिंगेपर्यंत येतो आणि ती तो बोटाला सांगते. मी मार्चपासून कान लावून बसलो होतो, आणि इतकी साधी परीक्षा मला सुचली नव्हती.

मग ते उठून डाव्या चाकापाशी गेले. म्हणजे मी नुकतंच बसवलेल्या. बोटं टेकवली, लेकीने चाक फिरवलं. या वेळी ते जरा जास्त वेळ थांबले.

“हेही गेलंय. याचं दुखणं वेगळं आहे. वाळू नाही, ठोके आहेत. ठरावीक अंतराने. हे तू बसवलंस?”

“हो.”

“प्रेसवर कुठल्या कड्यावर दाब दिलास?”

मला उत्तर देता येईना, कारण मी ते बघितलंच नव्हतं. आता हे नीट समजून घ्या, कारण सगळी गंमत इथेच आहे. बेअरिंगला दोन कडी असतात, एक बाहेरचं, एक आतलं, आणि मध्ये छर्रे. या गाडीच्या बेअरिंगमध्ये छर्ऱ्यांच्या दोन रांगा असतात. बेअरिंग हाउसिंगमध्ये दाबताना घट्ट बसतं ते बाहेरचं कडं. म्हणून जोर बाहेरच्या कड्यावरच द्यायचा. मी बहुतेक हाताला लागला तो लोखंडी तुकडा ठेवून आतल्या कड्यावर जोर दिला होता. मग तो टनांचा दाब आतल्या कड्यातून छर्ऱ्यांवर आणि छर्ऱ्यांतून बाहेरच्या कड्यावर गेला. छर्रा पोलादाचा, त्यात एक टक्क्याच्या आसपास कार्बन आणि दीड टक्क्याच्या आसपास क्रोमियम, भयंकर कठीण. पण टेकतो केवळ एका टिंबावर. त्या टिंबाएवढ्या जागी एवढा दाब आला की कड्यात खळगे पडतात. डोळ्यांना दिसतील न दिसतील असे. पण मग चाक फिरताना प्रत्येक छर्रा प्रत्येक खळग्यातून उडी मारत जातो. म्हणजे दुकानातून आणलेलं कोरं बेअरिंग मी बसवता बसवताच मारलं होतं.

“आणि मुळात डावं का खोललंस?” अण्णांनी विचारलं.

मी म्हणालो, “डावीकडे वळताना आवाज वाढतो म्हणून.”

यावर लेकच म्हणाली, “पण बाबा, डावीकडे वळताना आपण कुठे कलतो?”

कात्रजच्या घाटात एसटी डावीकडे वळली की तुम्ही कुणावर जाऊन आदळता? उजवीकडच्या माणसावर! गाडीचंही तसंच. डावीकडे वळताना तिचा भार उजव्या चाकांवर जातो आणि आजारी बेअरिंग भार आला की जास्त कण्हतं. म्हणजे डावीकडे वळताना आवाज वाढला तर संशय उजव्या बेअरिंगवर घ्यायला हवा. प्रत्येक वेळी हा नियम बिनचूक लागू पडतो असं नाही, म्हणून तर हात लावून खात्री करायची. आणि आवाज डावीकडून आल्यासारखं मला वाटलं त्याचं काय? गाडीचा पत्रा म्हणजे डबाच. आवाज त्यातून कुठूनही फिरून येतो.

अण्णा हसतील असं वाटलं होतं, पण ते हसले नाहीत. लेक हात धुवायला आत गेल्यावर हळूच म्हणाले, “या चाकांवर पोरीला घेऊन गेलास आज?”

मी मान हलवली.

“बेअरिंग दोन मागव,” एवढंच म्हणाले आणि खुर्ची उचलून आत गेले.

पुढचा आठवडा आमचं अंगण म्हणजे कारखाना झाला होता. उजव्या बाजूचा लांब बोल्ट पाच दिवसांनी निघाला. अण्णा खुर्चीवर आणि लेक जमिनीवर. पाना कुठला, पॅक्कड कुठली, सगळं तिला दोन दिवसांत पाठ झालं. दोन्ही हाउसिंग घेऊन आम्ही त्याच गॅरेजमध्ये गेलो, बसने! गाडी उघडी पडलेली आणि सीटा तशाही दोनच. एकेक हाउसिंग पिशवीत. बसमध्ये एक म्हातारे गृहस्थ पिशवीकडे बघून म्हणाले, “बटाटे का?”

बाहेर पडण्याआधीची एक गोष्ट सांगायची राहिली. आदल्या रात्री अण्णांनी दोन्ही नवी बेअरिंगं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवायला लावली होती, मटारांच्या शेजारी. लेकीने विचारलं, का? त्यांनी तिच्याकडूनच गणित करवून घेतलं. पोलाद एक अंश थंड झालं की आपल्या लांबीच्या दहा लाखांतले बारा भाग आकसतं. बेअरिंगचा व्यास साधारण सात सेंटिमीटर. खोलीच्या वीस अंशांपासून फ्रीजरच्या उणे अठरापर्यंत अडतीस अंशांचा फरक. करून बघा तुम्हीही. उत्तर येतं मिलिमीटरचे सुमारे तीन शतांश. तुमच्या डोक्यावरच्या केसाच्या निम्म्याएवढं! “एवढ्याने काय होणार?” लेक म्हणाली. अण्णा म्हणाले, “आमच्याकडे एवढ्यात माल नापास व्हायचा.”

प्रेसवर उजव्या हाउसिंगमधून हब बाहेर काढला, तर बेअरिंगच्या आतल्या कड्याचा अर्धा भाग हबवरच चिकटून राहिला. हे या गाडीत नेहमीचं. तो ग्राइंडरने अर्धवट कापून, छिन्नीचा एक ठोका देऊन उडवावा लागतो. कापताना पातं हबला लागलं तर हब बाद. ते काम अण्णांनी मला दिलं नाही. स्वतः केलं. मी त्यांचे हात बघत होतो. घरी चहाचा कप उचलताना थरथरतात ते हात. ग्राइंडरवर काही थरथरले नाहीत.

मग त्यांनी बेअरिंग अडवून ठेवणारी सर्क्लिप काढवली, जुनं बेअरिंग दाबून बाहेर पाडलं आणि हाउसिंगचं भोक लेकीकडून पुसून घेतलं, तीनदा. नवं बेअरिंग बर्फाच्या वाफांसकट बाहेर आलं. अण्णांनी जुन्या बेअरिंगचं बाहेरचं कडं नव्याच्या बाहेरच्या कड्यावर ठेवलं, म्हणजे दाब नेमका तिथेच पडेल. “आता दाब.” प्रेसचा दांडा लेकीने हलवला. बेअरिंग सरकत गेलं आणि तळाला टेकलं, तेव्हा दांडा एकदम जड झाला. “बास!” अण्णा म्हणाले. सर्क्लिप खाचेत बसली. मग हब दाबायची पाळी, आणि इथे नियम उलटा. हब शिरतो आतल्या कड्यात, म्हणून खालून आधार आतल्या कड्यालाच द्यायचा. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी बरोबर मापाचा पाइपचा तुकडा शोधून दिला. या वेळी बघून!

गॅरेजचा मालक चहाचा कप हातात धरून हे सगळं बघत उभा होता. निघताना त्याने अण्णांना काहीतरी विचारलं. त्यांना ऐकू आलं नाही. लेक कानाशी जाऊन म्हणाली, “आबा, ते विचारतायत, शनिवारी मोकळे आहात का?”

सगळं जोडून झाल्यावर मोठा नट टॉर्क पान्याने अडीचशे न्यूटन-मीटरच्या आसपास आवळला. नट नवे आणले होते, जुने परत वापरायचे नसतात. त्यांची कड खाचेत ठोकली. राहिली परीक्षा. कॉव्हेन्ट्री शहराच्या मध्यभागाभोवती एक गोल रस्ता आहे, सव्वादोन मैलांचा. १९७४ साली पुरा झाला. तो चाकांच्या परीक्षेसाठीच बांधला असावा असं मला त्या दिवशी वाटलं. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गेलं की सतत उजवीकडे वळण, म्हणजे डाव्या चाकांवर भार. उलट्या दिशेने गेलं की उजव्या चाकांवर.

पहिली फेरी कोणाबरोबर? लेक स्वतःहून मागे सरली. म्हणाली, “आबांना ने.”

अण्णा कसेबसे त्या बुटक्या गाडीत शिरले. टप उघडंच होतं. आम्ही आधी सुलट फिरलो, मग उलट. चाळीस मैलांवर वारा, इंजिन, शेजारचे ट्रक, सगळे आवाज होते. गिरणी नव्हती. मी अण्णांकडे बघितलं. ते दाराशी वाकून, सीटच्या बाजूने तळाशी तळहात टेकवून बसले होते. बराच वेळ. मग हात उचलून त्यांनी तो मांडीवर पुसला.

मी जोरात म्हणालो, “अण्णा, त्या दिवशी मी जे बोललो ना जेवताना…”

“काय?” ते म्हणाले.

मी पुन्हा ओरडून सांगितलं. शेजारून एक बस गेली.

“ऐकू येत नाही रे,” अण्णा म्हणाले. “पुढे बघून चालव.”

त्यांना ऐकू आलं होतं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. लेक म्हणते, आलं होतं.

सप्टेंबरमध्ये अण्णा परत गेले. उजव्या बेअरिंगचं जुनं कडं त्यांनी हातातल्या पिशवीत घेतलं होतं. मी म्हणालो होतो, कशाला हे ओझं? विमानतळावर तपासणीत पिशवी उघडायला लावलीच. हे सगळं त्यांनी मला नंतर फोनवर सांगितलं. तो तपासनीस काहीतरी विचारत होता, ते यांना कळेना. मग अण्णांनी कानाचं यंत्र डबीतून काढून लावलं, तरी कळेना. शेवटी त्यांनी ते कडं उलटं करून आतल्या बाजूचा तो खरखरीत, करवडलेला पट्टा दाखवला आणि त्याचं बोट धरून त्यावरून फिरवलं.

“कळलं त्याला?” मी विचारलं.

“कळलं ना,” अण्णा म्हणाले. “म्हणाला, माझीही गाडी असाच आवाज करते. त्याला म्हटलं, स्प्रिंगेला हात लावून बघ.”